व्हेनिसचा सान मार्को चौक: आईबाबांना घेऊन जायचंय, दीड तासात काय बघून होणार?

पावसाळी_छत्री

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

ऑक्टोबरअखेर आईबाबांना घेऊन इटलीला चाललोय. बहीण स्टुटगार्टला असते, ती तिकडून येऊन भेटणार. आधी टूर कंपनीबरोबरच जाणार होतो पण त्यांचा कार्यक्रम हातात आला आणि बघते तर व्हेनिसला एकूण अर्धा दिवस, त्यात सान मार्को चौकाला दीड तास, आणि त्या दीड तासात काचकामाचा डेमो, म्हणजे दुकानच की हो ते. बाबा म्हणाले एवढ्यासाठी कोण जाणार, त्यापेक्षा घरी बसून फोटो बघू. म्हणून आता आपलं आपणच ठरवतोय.

बाबा बांधकाम खात्यातून रिटायर झालेत, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर मजेत चालतात पण पायऱ्या दिसल्या की चेहरा पडतो. आईला उन्हाचा त्रास आणि गर्दीचा त्याहून जास्त. तर या चौकात खरंच एवढं काय आहे, किती वेळ ठेवावा, कुठून जावं? आणि तिथे पाणी भरतं म्हणतात ते ऑक्टोबरात असतं का?

खडूस_काका

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दीड तासही जास्त आहे. सगळं जग एकाच वेळी तिथे आलेलं असतं, प्रत्येकाच्या हातात काठीवर फोन, चर्चला रांग, टॉवरला रांग, बाथरूमला पण रांग आणि त्याचेही पैसे. आम्ही भर दुपारी पोचलो, बायको म्हणाली सावली कुठेय, मी म्हणालो कॉफीवाल्याच्या खुर्चीत आहे, बसायचे पैसे दे. फोटो काढला आणि निघालो. व्हेनिस बघायचंच असेल तर मागच्या गल्ल्या बघा.

फक्त_वाचक

काका +१

कट्टेकरी_मिलान

काका, भर दुपारी पोचलात तिथेच सगळं आलं. मी मिलानला राहतो, देशातून पाहुणा आला की व्हेनिसची वारी ठरलेलीच, त्यामुळे या चौकाच्या वेळा मला पाठ झाल्यात. सकाळी साडेनऊ दहापासून तिथे टूरच्या बोटी रिकाम्या व्हायला लागतात, सगळे रीवा देल्यी स्कियावोनी या चौकाजवळच्या धक्क्यावर उतरतात आणि झेंड्याच्या मागे मागे चौकात शिरतात, चार पाच वाजले की परत बोटीत. म्हणजे जे लोक चौकाला शिव्या घालतात ते बहुतेक सगळे त्याच सहा तासांत तिथे असतात. सकाळी सातला जा. सफाईवाले झाडत असतात, कॅफेच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतात, आणि पावणेदोनशे मीटर लांबीचं ते अंगण जवळजवळ रिकामं. तेव्हा खाली फरशीकडे नीट बघा. राखाडी दगडात पांढऱ्या इस्त्रियन दगडाच्या पट्ट्यांची नक्षी आहे, आंद्रेआ तिराली नावाच्या माणसाने 1723 ला आखलेली, त्याआधी विटा होत्या. गर्दीत ही नक्षी दिसतच नाही, नुसते बूट दिसतात.

म्हणून माझा एकच आग्रह, एक रात्र तरी व्हेनिसच्या बेटावरच काढा. महाग पडतं, मान्य. मेस्त्रेला, म्हणजे बेटाबाहेर जमिनीवरच्या भागात, निम्म्यात हॉटेल मिळतं आणि ट्रेनने दहा बारा मिनिटांत सांता लुचीया स्टेशनला येता येतं, आपले बहुतेक लोक तेच करतात. पण मग तुम्हीही त्या दिवसाच्या लोंढ्यातच येता आणि जाता.

बाबांच्या गुडघ्यासाठी महत्त्वाचं: स्टेशनसमोरून एक नंबरची वापोरेत्तो पकडा, म्हणजे आपली लाँच हो, ती पूर्ण ग्रँड कॅनॉलमधून रमतगमत जाते. सान मार्कोसाठी दोन स्टॉप आहेत. सान झाक्कारीयाला उतरलात तर मध्ये पूल लागतात. त्याच्या आधीचा वाल्लारेस्सो, तिथे उतरा आणि नाकासमोरच्या गल्लीतून आत जाऊन उजवीकडे वळा, एकही पूल न चढता थेट चौकात. गुगल कधीकधी भलतीकडे नेतं, त्याचं ऐकू नका.

पावसाळी_छत्री

अय्या, ही पुलाची माहिती कुठेच मिळाली नव्हती! धन्यवाद. आणि ते शहरात शिरायला पैसे लागतात ते काय प्रकरण आहे?

कट्टेकरी_मिलान

2024 च्या एप्रिलपासून सुरू झालं, सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना पाच युरो, आणि 2025 पासून ऐनवेळी नोंदणी केली तर दहा. पण रोज नसतं, आत्तापर्यंत एप्रिल ते जुलैमधल्या ठराविक दिवशीच लावलंय, तेसुद्धा सकाळी साडेआठ ते दुपारी चार. रात्री मुक्काम असेल (मेस्त्रेलासुद्धा, कारण ते त्याच महापालिकेत येतं) तर माफ. ऑक्टोबरात तुमचा संबंध येऊ नये, तरी निघायच्या आधी एकदा तपासा.

गावभर_सुगरण

खाण्यापिण्याचं मी सांगते. चौकातल्या कॅफेत बाहेर खुर्चीवर बसलात की कॉफीचे पैसे वेगळे आणि बँडचे वेगळे, माणशी सहा युरोच्या आसपास, बँड वाजत असला की लागतातच आणि ते बिलावर छापलेले असतात त्यामुळे भांडून उपयोग नाही. आम्ही चौघं बसलो होतो, चार कॅपुचिनो आणि एक केक, बिल बघून नवऱ्याने मनात रुपयात गुणाकार केला आणि परतीच्या विमानापर्यंत तोच आकडा ऐकवत होता 😀 पण खरं सांगू, मला नाही वाईट वाटलं. फ्लोरियान हे कॅफे 1720 सालचं आहे, आपल्याकडे थोरले बाजीराव नुकतेच पेशवे झाले होते त्या वर्षी. आतल्या छोट्या छोट्या खोल्या, रंगवलेल्या भिंती, लाल मखमल. समोरच्या बाजूला क्वाद्री. दोघांचे बँड एकमेकांशी न भांडता आळीपाळीने वाजवतात, एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. फुकटात ऐकायचं तर मध्ये उभं राहा, कोणी हटकत नाही.

पैसे वाचवायचे तर आत काउंटरवर उभ्याने प्या, इटलीत सगळीकडे हाच नियम.

आणि डबा काढून बसायचं नाही हं! जमिनीवर, पायऱ्यांवर बसलं किंवा खाल्लं तर दंड आहे. आमच्या समोर एका बाईंनी पिशवीतून सँडविच काढलं तर पोलिसाच्या आधी सीगलच आला, पंख केवढे, हातातून घेऊन गेलासुद्धा. बाईंच्या हातात नुसता कागद.

फक्त_वाचक

कबुतरांना दाणे घालतानाचा फोटो काढायचाय तो अजून मिळतो का? आमच्या आत्याच्या अल्बममध्ये आहे.

गावभर_सुगरण

नाही, 2008 पासून बंद. दाणे विकणाऱ्यांचे गाडे होते तेही उठवले. कबुतरं आहेत पण आता आपली आपण पोट भरतात.

भरतीओहोटी

पाण्याबद्दल मी लिहितो, मागच्या एका नोव्हेंबरात अनुभवलंय. हा चौक म्हणजे शहरातल्या सगळ्यात सखल जागांपैकी एक. लोकांना वाटतं समुद्र काठावरून उसळून आत येतो, तसं नसतं. आम्ही सकाळी उभे होतो, काठ कोरडा, आणि चौकाच्या मधोमध फरशीतल्या गटाराच्या भोकांतून पाणी गुपचूप वर यायला लागलं. आधी ओल, मग डबकं, मग डबकी एकमेकांना मिळाली. अर्ध्या तासात बाझिलिकाचं, म्हणजे चौकातल्या मोठ्या चर्चचं, प्रतिबिंब खाली. तेवढ्यात फळ्यांचे लांब टेबलांसारखे मार्ग टाकले, त्यावरून लोक रांगेत, आणि फेरीवाले नारिंगी प्लॅस्टिकचे गुडघाबूट विकायला हजर, ते पाणी यायच्या आधी कुठे असतात देव जाणे.

आता आकड्यांचं. पाण्याची पातळी 110 सेंटिमीटर असं बातमीत वाचलं की घाबरू नका, तो आकडा चौकाच्या फरशीपासून नसतो, 1897 च्या सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. चौकात पाणी यायला साधारण 80 च्या पुढे जावं लागतं, म्हणजे 110 ला तिथे वीतभरापेक्षा थोडं जास्त. 12 नोव्हेंबर 2019 ला 187 झालं होतं, ती मात्र आपत्तीच. त्याहून वरचा आकडा फक्त 1966 चा, 194.

ऑक्टोबर 2020 पासून मोझे नावाचे दरवाजे चालू झालेत. खाडीच्या तीन मुखांशी समुद्रतळावर 78 पोकळ पोलादी दरवाजे आडवे झोपवलेत, भरती मोठी येणार असली की त्यांच्यात हवा भरतात, आतलं पाणी निघून जातं आणि ते वर उठतात. पण ते उठवतात साधारण 110 चा अंदाज असेल तेव्हा. म्हणजे 80 ते 110 च्या मधल्या दिवशी चौक भिजतोच! फक्त बाझिलिकाभोवती 2022 ला काचेची भिंत उभारलीय, त्यामुळे चौकात पाणी आणि चर्चचं अंगण कोरडं असं अजब दृश्य दिसतं. तुमच्या बाबांना हे सगळं आवडेल.

पावसाळी_छत्री

बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न: दर वेळी का नाही उठवत? आणि तो टॉवर पडला होता म्हणे एकदा, पाया खचला का?

भरतीओहोटी

दर वेळी उठवायला खर्च, शिवाय दरवाजे वर असताना बंदरातली मोठी जहाजं अडकतात आणि खाडीचं पाणी खेळतं राहत नाही. यावरून तिथे रोजचा वाद चालू असतो, चौकातले दुकानदार म्हणतात लवकर उठवा, बंदरवाले म्हणतात नको.

टॉवरचं मिलानकर सांगतील.

कट्टेकरी_मिलान

कांपानिले, म्हणजे घंटांचा मनोरा. 14 जुलै 1902 ला सकाळी दहाच्या आत अख्खा खाली आला. पाया खचून नाही, विटांची भिंत जुनी झालेली, तिच्यात वर्षानुवर्षं ठोकाठोकी केलेली, त्यात खाली चिकटून असलेल्या लोज्जेत्ता या छोट्या इमारतीच्या छपराचं काम करताना भिंतीत खाच पाडली. भेगा वाढत गेल्या, कळलं, चौक रिकामा केला, आणि मग पडला. माणूस एकही मेला नाही, राखणदाराची मांजर तेवढी गेली. ढिगारा असा पडला की बाझिलिका वाचली, शेजारच्या लायब्ररीचा एक कोपरा मात्र कोसळला. पाच घंटांतली एकच शाबूत राहिली, मारांगोना, ती आजही वर आहे.

मग तिथल्या लोकांनी ठरवलं, होता तसाच आणि होता तिथेच. 25 एप्रिल 1912 ला, सेंट मार्कच्या सणाला, नवा टॉवर उघडला. जवळजवळ 99 मीटर. नवा आधीपेक्षा हलका केलाय आणि पाया रुंद केलाय, जादा लाकडी खुंट ठोकून. तरी पुढे भेगा दिसल्याच, म्हणून अलीकडे पायाभोवती जमिनीखाली टायटॅनियमचा पट्टा आवळलाय. बाबांना सांगा, आत लिफ्ट आहे, गुडघ्याचा प्रश्न नाही. याच्याच आधीच्या अवताराच्या माथ्यावरून गॅलिलिओने 1609 च्या ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या मोठ्या लोकांना दुर्बीण दाखवली होती. दूरची जहाजं आधी दिसतात म्हटल्यावर व्यापारी खूश.

घड्याळाचा टॉवर वेगळा, तो बाझिलिकाकडे तोंड केलं की डाव्या हाताला. 1499 चा. वर दोन काशाचे पुतळे घण घेऊन तास देतात. आणि मधल्या मजल्यावर निळ्या खिडक्यांत आकडे दिसतात, डावीकडे तास रोमन अंकात, उजवीकडे मिनिटं, पाच पाच मिनिटांनी बदलणारी. लोकांना वाटतं हे आत्ता बसवलंय, 1858 पासून आहे ते.

खडूस_काका

बाझिलिकाबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. सगळा चोरीचा माल आहे. सेंट मार्कचे अवशेषच मुळात 828 साली अलेक्झांड्रियाहून पळवून आणले, डुकराच्या मांसाखाली लपवून, म्हणजे तिथले जकातवाले हात लावणार नाहीत. ते चार घोडे 1204 ला कॉन्स्टँटिनोपल लुटून आणले. मग 1797 ला नेपोलियनने त्यांच्याकडून लुटून पॅरिसला नेले. 1815 ला परत. आणि आता वर दर्शनी बाजूला आहेत ते डुप्लिकेट, खरे आत कोंडलेत.

कट्टेकरी_मिलान

काका, पाच मिनिटांत फोटो काढून निघालात तरी बरीच माहिती जमवलीत की 😀

चोरी मान्यच आहे, व्हेनिसवाले लपवत पण नाहीत, दारावर मिरवतात. बाझिलिकाच्या उजव्या कोपऱ्यावर, डोजच्या (व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या) महालाच्या दाराशी, जांभळ्या दगडात चार राजे एकमेकांना कवटाळून उभे आहेत, तेही कॉन्स्टँटिनोपलचे. एकाचं पाऊल पांढऱ्या दगडाचं, जोडलेलं. मूळ पाऊल इस्तंबूलला उत्खननात सापडलं, तिथल्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे काका म्हणतात त्याचा पुरावा.

खरे घोडे वरच्या मजल्यावर बघायला मिळतात, वेगळं तिकीट, आणि जिना उंच आहे तेव्हा बाबांना नको. खाली आत मात्र जाच. आठ हजार चौरस मीटरच्या वर सोनेरी मोझेइक आहे, मान वर करून करून दुखते, आणि पायाखालची संगमरवरी जमीन खालवर झालीय, नीट बघून चाला. खांदे गुडघे झाकलेले हवेत, आईची साडी किंवा ड्रेस काहीही चालतं, पाठीवरची मोठी सॅक नको.

नाणेघाट

धागा आवडला, थोडं अवांतर करतो पण तुमच्या आईंना कामाचं असेल. त्यांच्याकडे किंवा आजीकडे पुतळ्यांची माळ आहे का?

पावसाळी_छत्री

आहे ना! आजेसासूबाईंकडून आईकडे आलेली. का?

नाणेघाट

तर ऐका. चौकातून पाण्याच्या दिशेने गेलात की छोटा चौक लागतो, दोन खांबांचा. एकावर पंखवाला सिंह, एकावर संत थिओडोर मगरीवर उभा. (सिंहाच्या काशाची तपासणी करून पादुआच्या संशोधकांनी 2024 मध्ये सांगितलं की तांबं चीनमधलं दिसतंय, ते वेगळंच.) या दोन खांबांच्या मध्ये पूर्वी गुन्हेगारांना मारायचे म्हणून जुने व्हेनिसकर मधून जात नाहीत, कडेने जातात. तर तिथे डोजच्या महालाच्या समोर लायब्ररी आहे, आणि लायब्ररीला लागून, पाण्याकडे तोंड करून, एक रांगडी दगडी इमारत. कोणी तिचा फोटो काढत नाही. ती त्झेक्का, व्हेनिसची टांकसाळ. सान्सोव्हिनो या वास्तुकाराने सोळाव्या शतकात बांधली, आगीची भीती म्हणून लाकूड टाळून.

इथे पाडलेलं सोन्याचं डुकात, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध. 1284 ला सुरू झालं आणि 1797 ला प्रजासत्ताक बुडेपर्यंत वजन आणि कस तोच. त्यामुळे मसाला आणि कापड घ्यायला अलेक्झांड्रिया, तांबडा समुद्र करत ते आपल्या किनाऱ्यावर पोचलं आणि इथल्या सावकारांनी डोळे झाकून घेतलं. नाण्यावर चित्र काय, तर संत मार्क उभा आणि त्याच्यासमोर डोज गुडघ्यावर बसून निशाण घेतोय. आपल्या लोकांना संत कोण आणि डोज कोण काय माहीत, दोन माणसं दिसली, म्हणाले पुतळी. ती ओवून गळ्यात घातली. पुढे सोनारांनी नकला पाडल्या, त्यात लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या आणि आकृत्याही बदलल्या, हल्लीच्या माळेत तर लक्ष्मीच असते. पण मूळ त्या इमारतीतलं.

गावभर_सुगरण

काय सांगता!! आमची माळ बँकेत आहे, सोमवारी लॉकर उघडते.

पावसाळी_छत्री

आईने लगेच माळ काढून भिंग लावून बघितलं 😀 बहुतेक पुतळ्यांवर ठसठशीत लक्ष्मी आहे पण मागच्या बाजूला दोन जुन्या, झिजलेल्या आहेत, त्यावर एक उभा आणि एक वाकलेला, मध्ये काठीसारखं काहीतरी. कडेला अक्षरं आहेत, वाचता येत नाहीत. आता आई म्हणतेय चर्च राहिलं तरी चालेल, टांकसाळ बघायची.

नाणेघाट

मधली काठी म्हणजे ते निशाण. अक्षरं सुटी सुटी, नीट इंग्रजीसारखी दिसत असतील तर मूळ असण्याची शक्यता, नुसत्या टिंबं रेघा असतील तर इथली नक्कल, आणि नक्कलही जुनी असू शकते. मोडीत घालू नका आणि घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नका.

टांकसाळीत हल्ली लायब्ररीची वाचनालयं आहेत, पर्यटक म्हणून आत फिरता येत नाही, बाहेरूनच बघायची. पण डोजच्या महालाचं जे तिकीट असतं त्यातच चौकाच्या दुसऱ्या टोकाचं कोर्रेर म्युझियम येतं, तिथे व्हेनिसची नाणी मांडलेली आहेत. माळेचा फोटो फोनमध्ये घेऊन जा, शेजारी धरून बघा. माळ नेऊ नका प्लीज.

खडूस_काका

हे कोर्रेर म्हणजे ते नेपोलियनने चर्च पाडून बांधलेलं ना?

कट्टेकरी_मिलान

हो, चौकाची पश्चिमेची बाजू, सान जेमिन्यानो नावाचं चर्च 1807 ला पाडलं. पण गंमत बघा, त्या कमानीखाली उभं राहिलं की चौक पूर्ण सगळ्यात चांगला दिसतो, कारण चौक सरळ आयत नाहीये, बाझिलिकाकडे रुंद होत जातो, त्यामुळे ती आहे त्याहून जवळ आल्यासारखी वाटते.

छत्रीताई, तुमचा दिवस मी असा लावेन. आदल्या संध्याकाळी वाल्लारेस्सोला उतरून हॉटेल, जेवून रात्री नऊनंतर चौकात चक्कर, दिवे आणि बँड. सकाळी उजाडताना पुन्हा, फरशी, चार राजे, खांब, टांकसाळ. बाझिलिकाचं सकाळचं पहिलं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. मग टॉवरची लिफ्ट. अकराच्या सुमाराला लोंढा आला की कोर्रेरमध्ये शिरा, तिथे बसायला बाकं आहेत, गर्दी नाही. डोजचा महाल मोठा आहे, जिने आहेत, दोन तास जातात, तो चारनंतर. उसासे पुलाचा (ब्रिज ऑफ साईज) फोटो बाहेरच्या पुलावरून काढतात, तिथे धक्काबुक्की असते, बहिणीला एकटीला पाठवा.

पावसाळी_छत्री

हे छापून घेतलं. बाबा आता टायटॅनियमच्या पट्ट्यावर युट्यूब बघत बसलेत. एक राहिलं, रात्री नऊनंतर चौकातून परत हॉटेलला जायला बाबांना अंधारात गल्ल्या सुरक्षित आहेत का, आणि हॉटेल नक्की कुठल्या भागात बघू?

कट्टेकरी_मिलान

सुरक्षित आहेत, दिवे असतात, पाकीटमार फक्त लाँचवरच्या गर्दीत सांभाळा. हॉटेल वाल्लारेस्सो ते सांता मारिया देल जिल्यो या पट्ट्यात बघा पण बुक करण्याआधी त्यांना मेल करून दोनच गोष्टी विचारा, लिफ्ट आहे का आणि स्टॉपपासून मध्ये किती पूल. बजेट व्यनि (खासगी निरोप) करा, एक दोन नावं देतो.

खडूस_काका

मलापण व्यनि करा. बायकोने धागा वाचलाय.